सरांच्या मागोमाग

खाली मान घालून चालणाऱ्या मुलीला जगातलं फार थोडं दिसतं. वाटेवरचा चिखल, आपल्याच पातळाचे काठ, आणि पुढं चालणाऱ्या माणसाच्या टाचा. कोकिळा त्या सकाळी अशाच दोन टाचांच्या भरवशावर कॉलेजातल्या आपल्या पहिल्यावहिल्या तासाला निघाली होती... आणि टाचा भलत्याच माणसाच्या निघाल्या.

यात तिचा काही दोष नव्हता. कॉलेजचा रिवाजच तसा होता. मुलींनी मुलींच्या खोलीत बसून राहायचं. घंटा झाली की सर दाराशी येऊन खाकरणार, मग मुलीनं उठून त्यांच्या मागोमाग वर्गात जायचं, बाजूच्या वेगळ्या बाकावर बसायचं, आणि तास संपला की पुन्हा सरांच्याच मागोमाग बाहेर पडायचं. मध्ये इकडंतिकडं पाहायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही. स्वराज्य येऊन वर्ष होत आलं होतं, बुलढाण्याला नवंकोरं कॉलेज निघालं होतं, साऱ्या कॉलेजात मिळून मुली होत्या तीन, आणि त्या तिघींची अब्रू सांभाळायची म्हणून कमिटीनं हा नियम केला होता. नियम करताना एकच गोष्ट कमिटीच्या ध्यानात आली नाही. बुलढाण्याला धुकं पडतं.

आणि धुकं तरी कसं! कोकिळा वडनेर भोलजीची, सपाट काळ्या रानात वाढलेली. तिथं ढग ही वर असायची गोष्ट. मामांकडे राहून शिकायला म्हणून ती मोटारीनं पहिल्यांदा घाट चढली, तेव्हा एका वळणावर ढग खाली राहिले आणि मोटार वर आली. कोकिळेच्या अंगावर काटा उभा राहिला. ज्या ढगांकडे जन्मभर मान वर करून पाहिलं, ते पायांखाली पसरले होते, आणि त्यांच्यावर ऊन पडलं होतं. ढगांच्या वरच्या बाजूलाही ऊन असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मामा, हे सारं आलं कुठून हो?" तिनं हळूच विचारलं होतं.

भगवानराव वकील शेजारी डोळे मिटून बसले होते. कोर्टात साक्षीदार बोलत असतानाही ते असेच बसत, आणि नवखा जज्ज त्यांना झोपलेले समजत असे. डोळे न उघडताच ते म्हणाले, "असे प्रश्न फिलॉसफीत शिकवतेत म्हंते."

झालं. कोकिळेनं कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं.

तर त्या सकाळी घंटा झाली, आणि दाराशी कुणीतरी खाकरलं. बाहेर सगळं दुधाळ पांढरं. त्या पांढऱ्यात एक काळी छत्री, एका धोतराचा सोगा आणि दोन टाचा तेवढ्या दिसत होत्या. कोकिळा निमूट मागं निघाली. वहाणा करकर वाजत होत्या, त्याचं मात्र तिला नवल वाटलं. गावाकडचे हौशी लोक मुद्दाम करकरत्या वहाणा करवून घेतात, आपण आलो हे चार घरांना कळावं म्हणून. पण पुण्याहून आलेल्या प्रोफेसरांनाही तो शौक असेल असं तिला वाटलं नव्हतं.

वर्गात येऊन ती बाजूच्या बाकावर बसली, वही उघडली, पेन्सिल धरली. व्याख्यान काही सुरू होईना. छत्री मिटल्याचा आवाज आला. पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं —

"तुमी... फिलॉसफीच्याच का?"

कोकिळेनं मान वर केली. समोर विशीतला एक उंच मुलगा उभा होता. भुवयांवर धुक्याचे बारीक थेंब, हातात छत्री, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव.

"सर कुठं आहेत?" ती म्हणाली.

"मले काय मालूम? मी तं आपला एकटा चालून राह्यलो होतो. मांगून कोनी येऊन राह्यलं म्हून मीच भेलो."

"भ्यायला काय झालं?"

"धुक्यात मांगून पावलं वाजली तं मानूस भेत नाही काय? मले वाटलं, प्रिन्सिपल होय."

कॉलेजात शुद्धच बोलायचं असं कोकिळेनं घरून ठरवून आणलं होतं. पण रागापुढं शुद्ध कुठलं टिकायला? "अन् मंग दाराशी खाकरले काऊन तुमी?"

"सर्दी हाय मले," तो अगदी केविलवाणा होऊन म्हणाला.

कोकिळेनं पदर तोंडाला लावला. उठून बाहेर जायला हवं होतं खरं. पण बाहेर जग होतं कुठं? दारापलीकडे नुसतं पांढरं. मग ती बसून राहिली, आणि तो दाराजवळ उभाच राहिला, छत्रीतून पाणी गळत राहिलं. त्याचं नाव तुळशीराम, हे तिला हजेरीच्या वेळी कळलं.

खांबेटे सर आले ते फणफणत. मुलींच्या खोलीपुढं ते बराच वेळ खाकरत उभे होते. "विद्यार्थिनींनी शिक्षकांच्या मागोमाग यावं," मफलर सोडत ते म्हणाले, "पण आधी शिक्षक कोण ते पाहून." मग त्यांनी कोटाच्या खिशातून पिवळ्या पडलेल्या कागदांची गड्डी काढली, चष्मा पुसला, आणि खिडकीतून आत येणाऱ्या ढगाकडे पाठ करून ते म्हणाले, "आश्चर्य. व्याख्या लिहून घ्या."

बाजारात सरकीचा भाव सांगावा तशा आवाजात त्यांनी आश्चर्याची व्याख्या सांगितली. कोकिळेनं ती लिहून घेतली. ढग तिच्या बाकापर्यंत आला होता, वहीचं पान ओलसर झालं होतं, आणि समोरचे सर अर्धे दिसेनासे झाले होते. ती मनात म्हणाली, अहो, एकदा मागं वळून पाहा ना!

सर वळले नाहीत. त्या दिवशी नाही, आणि पुढंही कितीतरी दिवस नाही.

तो तास म्हणजे जिवाला घोर होता. अमुकवाद आणि तमुकवाद, त्यांचे गुण आणि दोष, दोषांचे पोटदोष. सर वाचत, मुलं लिहीत. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, आणि दोन्ही न समजणारं. समोरचं टेबल खरोखर आहे की नाही, या एका प्रश्नावर सरांनी आषाढ घालवला. सरांच्या बुटांना रबरी तळ होते, त्यामुळे ते कधी येत हे कळत नसे. जात मात्र कधी हे बरोबर कळे, कारण साऱ्यांचा जीव भांड्यात पडे.

संध्याकाळी कोकिळा चुलीपुढं बसून मामीपाशी गाऱ्हाणं मांडायची. "मामी, आज बी टेबलच."

"अजून सापडलं नाही काय त्याहिचं टेबल?" मनकर्णाबाई मामी भाकर थापता थापता विचारायच्या.

"सापडलं, पर ते खरं हाय का नाही ते समजून नाही राह्यलं."

"बाई बाई! एवढ्यात आमच्या सुताराने नवं करून देलं असतं." मामी हसायच्या. कोकिळाही हसायची, पण मनातून तिला रडू यायचं. घाटातल्या त्या वळणावर जे काही उरात दाटून आलं होतं, त्याचं पुढं काय झालं हे शोधायला ती आली होती, आणि इथं त्याचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं. जीव जातो हो त्या तासाला, असं ती दिवसाआड तरी म्हणायचीच. मामा पाटावर डोळे मिटून जेवणाची वाट पाहत असायचे.

वर्गात मुलं दोन. एक तुळशीराम आणि दुसरा मेहबूब. तुळशीराम चिखलीकडच्या एका खेड्यातला, कडूबा पाटलांचा धाकटा. "खोली घेऊन राहते म्हणे," मुलींच्या खोलीत ताहेरानं बातमी आणली. ताहेरा डॉक्टरांची मुलगी, तिला साऱ्या गावाची खबर. "खुद हातानं भाकर थापते. रोज एक बाजू जळते बिचाऱ्याची."

"त्याच्या भाकरीचं मले काय सांगतं?" कोकिळा म्हणाली.

"मी कुठं तुले सांगितलं? मी तं भिंतीले सांगून राह्यली."

तर हा तुळशीराम प्रश्न विचारायचा. वर्गात मुलींशी बोलायचं नाही असा नियम होता, पण सरांना प्रश्न विचारायचा नाही असा काही नियम नव्हता. तो उभा राहायचा, कागदांच्या गड्डीकडे पाहत अगदी अदबीनं म्हणायचा, "सर, एखादं मानूस वर्गात कधीच काही बोलत नाही. तं ते इचार करून राह्यलं का नाही, हे दुसऱ्यानं कसं वळखाव?"

वर्गात कधीच न बोलणारं माणूस एकच होतं. त्या माणसाच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

"हा भाग दुसऱ्या टर्मला आहे," सर म्हणायचे.

"बरं सर. मंग ते मानूस हासलं, तं कायले हासलं, हे तरी या टर्मले येते काय?"

सर कागद उलटून पाहायचे. कोकिळा पदराआड लाल होऊन खिडकीबाहेर पाहायची. बाहेर दरी असायची, निळीजांभळी, आणि तिच्या पार तळाशी तिचं सपाट रान, एवढंसं, तळहातावर मावेल इतकं.

गोकुळाष्टमीच्या सुमाराला मेहबूब कंटाळला. "टेबल हाय का नाही हे ठरेपरेंत आपलं लगन होत नाही बे," असं तुळशीरामला सांगून तो इतिहासाच्या वर्गात जाऊन बसला. राहिले दोघं. प्रिन्सिपलांनी निरोप धाडला, की आणखी एक जरी गळाला तरी तत्त्वज्ञानाचा वर्ग बंद होईल. निरोप वाचून दाखवताना सरांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. मग त्यांनी पुढचा वाद सांगायला घेतला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा दाट धुकं आलं. घंटा झाली. सरांचं खाकरणं ऐकू येईना. ताहेरा खिडकीच्या काचेवर बोटानं चित्र काढत होती. आणि ओसरीवरून आवाज आला... करकर... करकर.

कोकिळा उठली. पुढं कधी कुणी विचारलं असतं तर तिनं विचार न करता उठले असं सांगितलं असतं. पण विचार तिनं केला. दाराच्या चौकटीला हात लावून, उभी राहून, अगदी नीट केला. आवाज थोडा पुढं गेला, रेंगाळला. मग ती खाली मान घालून त्या आवाजाच्या मागं निघाली.

वर्गात छत्री मिटल्याचा आवाज झाला.

"आज बी चुकल्या काय?" तुळशीरामनं विचारलं.

"धुकंच किती आहे," ती वहीकडे पाहत म्हणाली.

"हो. धुकं लयच हाय." तो थोडा थांबला. "म्हून तं मी आज सावकाश चाललो. मांगची मानसं चुकू नयेत."

"मागची माणसं म्हणजे कोण?"

"मले काय मालूम... मी कुठं मांगं पाह्यलं?"

"का नाही पाहिलं?"

तुळशीरामनं छत्री भिंतीला टेकवली. ती घसरली. त्यानं पुन्हा टेकवली. "मांगं पाह्यलं असतं," तो म्हणाला, "अन् कोनीच नसतं, तं?"

धुकं दारातून आत आलं, दोन बाकांच्या मधल्या जागेत येऊन थांबलं. त्याच्यापलीकडून तो बोलत होता, आता अगदी साधेपणानं.

"तुमाले आवडते काय हा तास?"

"मुळीच नाही," ती म्हणाली. "तुम्हाला?"

"सरचं वाचनं नाही आवडत. पर प्रश्न आवडतेत. लहानपनी खळ्यात मिरच्या वाळू घालत. सारं खळं लाल. मी बाले इचारो, बा, तुले जे लाल दिसते तेच मले लाल दिसते काय? का तुयं लाल येगळं, मायं लाल येगळं? बा म्हने, मुकाट्यानं मिरच्या पसर. मी पसरो. पर मले कसंतरीच होये हो. एवढा जवळचा बाप, अन् त्याच्या डोळ्यातलं लाल मले कधीच दिसनार नाही."

कोकिळेनं पेन्सिल खाली ठेवली. उन्हात पसरलेलं ते लाल खळं तिला दिसलं, आणि त्याच्या कडेला उभा असलेला, तोंड उघडं टाकून पाहणारा तो पोर. तिला घाट आठवला. त्या वळणावर आपल्याला जे झालं, तेच याला मिरच्या पाहून झालं होतं... आणि त्यालाही कुणी उत्तर दिलं नव्हतं.

रबरी तळांचे बूट दारात येऊन उभे राहिले होते. सरांनी मफलर सोडला, कागद काढले, आणि वाचलं, "दुसऱ्याचं मन. दुसऱ्याला मन असतं याला प्रमाण काय? लिहून घ्या."

कोकिळेनं लिहिलं नाही. ती तुळशीरामकडे पाहत राहिली. नियम मोडून, मान वर करून, सरळ. तो खिडकीकडे पाहत होता. ते रुंद कपाळ, त्यावर चिकटलेले ओले केस. आणि त्या कपाळाच्या आत? आत ते मिरच्यांचं खळं होतं. चिखलीची वाट होती, बापाचे बैल होते, एक बाजू जळालेली भाकर होती, तिनं कधी न ऐकलेली हाक होती, तिला कधी न दिसणारं लाल होतं. अख्खं जग, वर आभाळ असलेलं, आणि ते दोन भुवयांच्या मागं बिनबोभाट मावलं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कपाळाआड असं एकेक जग आहे, हे एकदम तिच्या लक्षात आलं. मामींच्या आत आहे. ताहेराच्या आत आहे. खांबेटे सरांच्यासुद्धा आत आहे! आणि याच्या त्या जगात कुठंतरी, खळ्याच्या कडेला, आपणही उभ्या असू का? तिनं बाकाची कड घट्ट धरली. आपलं या मुलावर प्रेम जडलं आहे, हे तिला तेव्हा कळलं, आणि जितका आनंद झाला तितकीच भीती वाटली.

घरी मात्र तिनं गाऱ्हाणं सोडलं नाही. एकदम सोडलं असतं तर मामींनी कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. तेच तिला नडलं.

एका संध्याकाळी भगवानराव कोर्टातून आले ते गंभीर होऊन. "बाररूममंधी एकानं इचारलं," पागोटं खुंटीला लावत ते म्हणाले. "तुमच्या भाचीच्या वर्गात ती अन् एक पोरगा, दोघंच हायेत म्हंते. खरं हाय?"

"हो, मामा."

"मंग तो वर्ग सोड. संस्कृत घे. तथी पोरं लय हायेत, गर्दी राह्यते. लोकाहिले बोलाले जागा नोको."

कोकिळेनं हातातला तांब्या खाली ठेवला. ती गेली की वर्ग बंद. वर्ग बंद झाला की कॉलेजात असा एकही कोपरा उरत नव्हता, जिथं तिला त्याचा आवाज ऐकू आला असता. "पर मामा..."

"पर काय? जीव जाते त्या तासाले, हे तूच तं म्हंत होती साऱ्या पावसाळ्यात."

"मले तं टेबल तोंडपाठ झालं," मामी चुलीपासून म्हणाल्या.

"आता... आवडून राह्यलं मले."

"कधीपासून?" मामांनी डोळे मिटले. हे चिन्ह चांगलं नव्हतं. आता उलटतपासणी होणार होती.

"झाले थोडे दिवस."

"काय आवडते त्यातलं?"

खोटं बोलायचं तर शब्द सुचत नव्हते, आणि खरं बोलायची सोय नव्हती. कोकिळा उभीच राहिली. "उद्या मी येतो तासाले," मामा म्हणाले. "पाहतो काय आवडते तं. मले नाही समजलं तं परवापासून संस्कृत."

दुसऱ्या दिवशी सरत्या पावसाळ्यातलं धुकं पडलं होतं. पुढं सर, त्यांच्या मागं मामा, मामांच्या मागं कोकिळा, अशी वरात वर्गात आली. तुळशीराम उठून उभा राहिला. कोकिळेनं ताहेराला, ताहेरानं नियम चुकवून मेहबूबला आणि मेहबूबनं त्याला सारं सांगितलेलं दिसत होतं, कारण त्याचा चेहरा उतरला होता. मामा मागच्या बाकावर टेकले, काठी गुडघ्यांत धरली, आणि सरांनी पहिलं पान संपवायच्या आत त्यांचे डोळे मिटले. पाठोपाठ श्वासही जड झाला. कोकिळेला हायसं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं. झोपलेल्या माणसाला काय समजणार? म्हणजे परवापासून संस्कृतच.

"सर, एक प्रश्न हाय."

सर वाचायचे थांबले. तुळशीराम उभा होता. आज आवाजात थट्टा नव्हती.

"एक मानूस एकदा वाट चुकलं. मंग काही दिवसानं तेच मानूस पुन्हा तशीच वाट चुकलं. तं दुसऱ्या बारीची चूक, ही चूकच म्हनाव... का दुसरं काही?"

"हा भाग दुसऱ्या —"

"दुसऱ्या टर्मले वर्ग राह्यते का नाही, मालूम नाही, सर. मले आजच पायजे." त्यानं सरांच्या गड्डीकडे बोट केलं. "तुमीच शिकवलं का दुसऱ्याचं मन दिसत नाही. मंग जलमभर मानसानं करावं काय? आपल्याच मनात बसून राहावं? त्याच्या मनात काय हाय, हे कधीच समजत नाही काय, सर?"

सरांनी एक कागद उलटला. दुसरा उलटला. मग सगळी गड्डी शेवटपर्यंत चाळली, आणि हळूच टेबलावर ठेवली. "याचं उत्तर," ते म्हणाले, "यात नाही. माझ्याकडेही नाही." एवढ्या दिवसांत सर त्यांच्या स्वतःच्या आवाजात बोलले ते पहिल्यांदाच, आणि तो आवाज चांगला होता, थोडा थकलेला. सवयीनं त्यांनी विचारलं, "कुणाला सांगता येईल?"

वर्गात होतं कोण? एक झोपलेले वकील, एक प्रश्न विचारणारा, आणि एक कधीच न बोलणारी.

कोकिळा उठून उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं तेव्हा शुद्ध भाषा कुठल्या कुठं पळाली होती.

"मी सांगू काय, सर?"

सर चष्म्यावरून पाहत राहिले.

"तुमच्या बुटाचा आवाज येत नाही, सर. रबराचे तळ हायेत. अन् ह्याहिच्या वहाना करकर वाजतेत, आंधळ्याले बी वळखू येतीन अशा. पहिल्या दिवशी मले हे मालूम नव्हतं. मले वाटलं सरच होयेत. तवा चुकली मी." तिनं श्वास घेतला. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मालूम होतं. मी दारात उभी राह्यली. आवाज आयकला. तुमचा नाही, हे समजलं. मंग निघाली."

धुकं खिडकीत थांबलं होतं.

"चूक एकदाच झाली, सर," कोकिळा म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

तुळशीराम उभाच होता. तो तिच्याकडे पाहत होता, तोंड किंचित उघडं, डोळे भरलेले, खळ्यावरचा तो पोर पाहत असेल तसा. आश्चर्य म्हणजे काय ते सरांनी पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं, पण कोकिळेला ते समजलं आत्ता, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून. आपल्याविषयी कुणाला इतकं नवल वाटू शकतं, याचंच तिला नवल वाटत होतं.

सरांनी चष्मा काढून पुसला, आणि पहिल्यांदाच मागं वळून खिडकीतल्या ढगाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आज," ते म्हणाले, "लिहून घेण्यासारखं काही नाही."

"जबानी साफ हाय," मागच्या बाकावरून आवाज आला. "उलटतपासनीले जागाच नाही ठेवली पोरीनं."

मामांचे डोळे अजून मिटलेलेच होते. ते कोर्टात असेच बसतात, हे कोकिळा कशी विसरली?

"बापाचं नाव काय बे तुयं?" मामांनी एक डोळा उघडून तुळशीरामला विचारलं.

"क... कडूबा पाटील. चिखलीकडचे, जी."

"हं. मी आधी उत्तमरावले भेटतो वडनेरले. पोरगी त्याची हाय, हुकूम त्याचाच. मायं म्हननं मी त्याच्यापुढं मांडीन, अन् मी सहसा हारत नाही. मंग तुया बापाकडे." मामा काठी टेकून उठले. "तोपर्यंत काही बोलाचं असलं तं सरले इचारत जा, दोघं बी. काय सर, चालन ना?"

"या टर्मलाच घेऊ," खांबेटे सर म्हणाले.

"अन् वर्ग, मामा?" कोकिळेनं जमिनीकडे पाहत विचारलं.

"वर्ग चालू राहीन. मले समजलं काय आवडते ते." मामा दाराशी थबकले. "घरी तुया मामीले मात्र टेबलाचंच सांग आजच्या दिवस. बाकीचं मी सांगीन."

रिवाजाप्रमाणे पुढं सर निघाले, त्यांच्या मागं मामा, मामांच्या मागं कोकिळा. ओसरी संपली आणि सगळेच धुक्यात शिरले. सर दिसेनासे झाले. मग मामांचं पागोटंही विरघळलं, नुसती काठी ऐकू येत राहिली. कोकिळा एकटीच त्या पांढऱ्या जगात चालत होती. समोरची कोर्टाची टेकडी नव्हती, झाडं नव्हती, ढग खाली होते की वर हेही कळत नव्हतं. आणि मागून आवाज येत होता... करकर... करकर.

ती थांबली. आवाज थांबला.

ती दोन पावलं चालली. आवाज दोन पावलं चालला.

"मागं कोणी आहे का?" तिनं पुढंच पाहत विचारलं.

"पाह्यलं तं समजीन," धुकं म्हणालं.

एवढे दिवस ती खाली मान घालून चालली होती. पुढं टाचा असतील तिकडं जायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. आता पुढं कुणीच दिसत नव्हतं. मागं पाहिलं आणि कुणीच नसलं तर? खरं म्हणजे आवाज आहे, म्हणजे माणूस आहे. पण खांबेटे सर म्हणालेच असते, याला प्रमाण काय?

कोकिळेनं मान वर केली, आणि मागं वळून पाहिलं.

होता.